दारातूनच परत जाणारी माणसं

मागच्या वेळी गॅलरीतल्या लाइटबद्दल लिहिलं आणि शेवटी सहज विचारलं की अजून कुठे अडतंय ते कळवा, तर आलेल्या मेलांपैकी निम्म्याहून जास्त दाराबद्दलच निघाले. कुणाला उंबरा नडतोय, कुणाला काच, कुणाला पाऊस. एकाने तर नुसता दाराचा फोटो पाठवलाय, खाली एक ओळ: ‘काय चुकतंय?’ म्हणून या वेळी फक्त दार, बाकी सगळं पुढच्या अंकात.

ताई, वाईला आमचा पणजोबांच्या काळातला वाडा आहे. पुढची ओसरी, त्यामागचा सोपा आणि चौक एवढ्या भागात छोटी आर्ट गॅलरी करायचं ठरलंय. मुख्य दाराचा सागवानी उंबरा ८ इंच उंच आहे. आर्किटेक्ट म्हणतो कापून टाका, व्हीलचेअर जाणार नाही. काकू म्हणते उंबरा कापायचा असेल तर मी गेल्यावर कापा. काम दोन महिने थांबलंय. — एक वाचक, वाई

दोघंही बरोबर आहेत आणि त्यामुळेच काम थांबलंय, कुणी एक चूक असतं तर एव्हाना भांडण मिटलं असतं.

आधी आर्किटेक्टचं. रॅम्पचा साधा हिशोब असा की १ इंच चढायला निदान १२ इंच लांबी लागते. तुमचा उंबरा ८ इंच, म्हणजे बाहेर ८ फूट चढ आणि आत परत ८ फूट उतार. तुमची ओसरीच ९ फूट रुंद आहे, सगळी रॅम्पमध्ये जाणार आणि सोप्याचं अर्धं. मिस्त्री म्हणेल दोन फळ्या टाकू ना ताई, त्याचं ऐकू नका, दोन फुटांच्या फळीवरून ८ इंच चढवायचं म्हणजे व्हीलचेअर मागे कलंडते, मी बघितलंय. दुसरा उपाय बरेच जण सुचवतात, दोन्ही बाजूंची जमीन उंबऱ्याइतकी वर घ्यायची. पण मग येणारा प्रत्येक जण उंबऱ्यावर पाय देऊन आत येणार, आणि ते बघायला काकू ओसरीत उभ्या असणार.

तर उंबऱ्याला हात लावू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ओसरीच्या डाव्या टोकाला अजून एक दार दिसतंय, बहुतेक पूर्वी कोठीघराचं असावं, त्याचा उंबरा कधीच कुणीतरी काढून सिमेंट ओढलंय. ते तुमचं गॅलरीचं दार. ते निदान ३ फूट मोकळं मिळेल असं करा, खाली पट्टी ठेवायचीच असेल तर अर्ध्या इंचापेक्षा उंच नको आणि तिचीही कड घासून उतरती करा. वाड्याचं जोतं २ फूट आहे म्हणताय, म्हणजे अंगणातून २४ फुटांचा रॅम्प, तो कंपाउंडच्या भिंतीला धरून आणा, मध्ये एक सपाट टप्पा, आणि दारासमोर ५ फूट तरी सपाट, कारण व्हीलचेअरला तिथे वळायला लागतं.

आता अट. सगळ्यांनी त्याच दाराने जायचं. कलेक्टरसाहेब आले तरी. मुख्य दारातून पाहुणे आणि बाजूच्या दारातून ‘बाकीचे’ असं केलंत की बाजूचं दार मागचं दार होतं, आणि २०१६चा दिव्यांग हक्क कायदा एक वेळ बाजूला ठेवला तरी हे दिसायला फार वाईट दिसतं. मुख्य दार दोन्ही फळ्या उघडून तसंच ठेवा, त्यातून चौक दिसू दे, तुळस दिसू दे, काकूंना रोज रांगोळी घालू दे. लोक दमले की उंबऱ्यावर बसतील असं मी लिहिणार होते पण मग आठवलं, उंबऱ्यावर बसलेलं काकूंना चालेल का! ओसरीच्या कट्ट्यावर बसवा.

बाजूने शिरण्यात अजून एक फायदा आहे, तो खरं तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रायगडाच्या महादरवाजाशी गेलात तर आठवून बघा, दोन बुरुजांच्या मधून वळण घेतल्याशिवाय दार दिसतच नाही. गोमुखी बांधणी. शत्रूला सरळ धाव घेता येऊ नये म्हणून ती युक्ती, पण गॅलरीत तीच युक्ती नजरेसाठी कामाला येते. सरळ दारातून सगळी चित्रं एकदम दिसली की माणूस दारातूनच मान फिरवतो, ‘हं, बघितलं’, आणि निघतो. कोठीच्या दाराने तो आत येईल, उजवीकडे वळेल आणि मग त्याला पहिलं चित्र दिसेल. तेवढ्या चार पावलांत डोक्यातली रिक्षा, पार्किंग, फोन थोडं मागे पडतं.

आणि डोळ्यांचं तर वेगळंच. उजेड लक्समध्ये मोजतात. एप्रिलमधल्या दुपारी बाहेरचं ऊन लाखभर लक्सच्या घरात जातं, आणि जलरंगातलं किंवा कागदावरचं काम जपायचं तर त्यावर ५० लक्सच्या वर लाइट टाकू नये असा नियम आहे, ऑइलला २०० पर्यंत चालतं. लाखावरून पन्नासवर! बाहुली पटकन मोठी होते पण आतला पडदा जुळवून घ्यायला काही मिनिटं घेतो, तोवर माणसाला वाटतं गॅलरीत अंधार आहे, वीजबिल वाचवतायत. आपल्या देवळांत हे किती आधी सोडवलंय. उघडं आवार, मग सभामंडप, मग अंतराळ, मग गाभारा, प्रत्येक ठिकाणी उजेड थोडा कमी. अंबरनाथचं शिवमंदिर बघा, १०६०चं, तिथे गाभारा मंडपापेक्षा वीसेक पायऱ्या खाली आहे, उतरता उतरता डोळे आणि पाय दोन्ही हळू होतात. पण आपल्याला त्या पायऱ्या नकोत, फक्त उजेडाचा उतार हवाय. पायाला उंबरा नको, डोळ्याला हवा. तुमची ओसरी आणि सोपा हे काम फुकट करून देतायत, ओसरीला काच लावून एसी करायचा बेत आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये दिसतोय तो कृपया खोडा.

एक राहिलं. माणसं येतील, पण चित्रं कुठून येणार? हे मी अनुभवाने विचारतेय. माझ्या अगदी सुरुवातीच्या एका कामात मी दारामागे सुंदर गोल वळणारी भिंत केली होती, सगळे वा वा म्हणाले, आणि पहिल्याच प्रदर्शनाला ७ फूट बाय ६ फुटांचा कॅनव्हास आला. दारातून आला, वळणावर अडकला. उभा, आडवा, तिरका, सगळं करून झालं. शेवटी त्या चित्रकाराने स्वतः बाहेर फुटपाथवर बसून मागच्या पिना एकेक काढल्या, रंग बाहेरच्या बाजूला ठेवून कॅनव्हास गुंडाळला, चौकट सुटी करून आत नेली आणि रात्री दोनपर्यंत परत ताणत बसला. मला एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हा ड्रॉइंगवरच्या मापांवर विसंबू नका, एक ७ बाय ६चा पुठ्ठा कापा, खरा पुठ्ठा, आणि तो हातात धरून टेम्पोपासून भिंतीपर्यंत चालून बघा. वाड्याची दारं साडेपाच फुटी असतात, कोठीचंही तेवढंच दिसतंय, ते ७ फुटांपर्यंत वाढवावं लागेल. वरची भिंत विटा-मातीची आहे, तेव्हा टेकू लावल्याशिवाय चौकट हलवू द्यायची नाही, मिस्त्री कितीही जुना असला तरी.

नमस्कार, ठाण्यात एका सोसायटीच्या खाली १४ बाय ३० फुटांचा गाळा भाड्याने घेऊन गॅलरी चालवतो. पूर्ण काचेचं दार, व्हाइट इंटिरियर, खर्च भरपूर झाला. समोरून दिवसाला शेकडो लोक जातात, काही काचेपर्यंत येतात, आणि परत जातात. का? — ठाणे

दुपारी तीन वाजता रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा आणि तुमच्या दाराकडे बघा. काय दिसतं? रिक्षा, झाड आणि तुम्ही स्वतः. बाहेर कडक ऊन आणि आत मंद लाइट असला की काच आरसा होते, त्यामुळे बाहेरच्याला दुकान बंद वाटतं. काचेपर्यंत येणारे लोक हातांचा आडोसा करून आत बघतात ना? आणि मग आतून कुणीतरी त्यांच्याकडे बघतंय हे लक्षात आलं की ओशाळून निघून जातात.

काचेवर बाहेरून सावली पडेल असं काहीतरी करा, ताडपत्रीचं शेड असलं तरी चालेल, फक्त सोसायटीला विचारून. आणि दारासमोरच्या, साधारण १०-१२ फूट आत असलेल्या भिंतीवर एकच चित्र लावा, मोठं, त्यावर बाकीपेक्षा चांगला झगझगीत लाइट, आणि ते चित्र उजेड सोसणारं हवं, जलरंग नको. सावली बाहेर आणि उजेड आत झाला की काच परत काच होते.

मग टेबल. फोटोत तुमच्या असिस्टंटचं टेबल बरोबर दारासमोर आहे, तोंड रस्त्याकडे. ते बँकेत ठीक आहे. इथे येणाऱ्याला वाटतं की आत शिरलं की आपल्याला काहीतरी विचारणार, आणि आपल्याला त्यातलं काही कळत नाही. टेबल बाजूला घ्या, तिने मान वर करून ‘या’ म्हणायचं आणि परत कामाला लागायचं.

आणि बोर्ड लावा. इंग्रजीत फक्त गॅलरीचं नाव आणि वेळ नको. मराठीत, मोठ्या अक्षरात: ‘चित्रं बघायला तिकीट नाही. आत या.’ तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल, पण अर्ध्या ठाण्याला माहीतच नाही की गॅलरीत फुकट जाता येतं आणि काही विकत न घेता बाहेरही पडता येतं.

मला नेहमी जहांगीर आर्ट गॅलरी आठवते. १९५२ची इमारत, आणि तिचं ते पुढे झेपावलेलं काँक्रीटचं छत. काळाघोड्याच्या फुटपाथवरून चालताना पाऊस आला म्हणून माणूस छताखाली येतो, उन्हाला कंटाळून पायऱ्यांवर टेकतो, कुणाची वाट बघत उभा राहतो, आणि त्याने अजून काहीच ठरवलेलं नसतं पण तो गॅलरीत आलेला असतो. बाहेर फुटपाथवर चित्रकार आपली कामं लावून बसलेले, म्हणजे चित्र बघायला सुरुवातही झालेली असते. दार त्यानंतर येतं. तुमच्याकडे ते छत नाही, पण काच ४-५ फूट आत ओढून पुढे तेवढी उघडी जागा आणि एक बाक देता येईल. गाळ्याचं भाडं स्क्वेअर फुटावर आहे, तेवढी जागा रस्त्याला दिलेली तुम्हाला टोचेल, मला कल्पना आहे. तरी करा. एवढ्या छोट्या गाळ्यात उरलेल्या जागेपेक्षा त्या पाच फुटांचं काम जास्त आहे.

काचेवर पट्टी आहे का? नसेल तर उद्याच लावा, एक कमरेच्या थोडी वर आणि एक डोळ्यांच्या उंचीवर. एका ठिकाणी मी पट्टी ‘लुक’ बिघडवते म्हणून टाळली होती, आणि उद्घाटनाच्याच दिवशी एक आजोबा हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन थेट काचेवर गेले. कपाळाला टेंगूळ, चष्मा वाकडा. ते उलट मलाच म्हणाले, ‘अहो माझंच लक्ष नव्हतं.’ त्यानंतर मी लुक वगैरे शब्द जपून वापरते.

आमच्या संस्थेने नाशिकला कलादालन बांधलं. पुढचं प्रवेशद्वार बेसॉल्टच्या दगडी कमानीचं, पाण्याचं छोटं कुंड, सगळं झकास. पण लोक मागच्या पार्किंगमधून जनरेटरच्या बाजूच्या दारानेच येतात. पुढचं दार फोटो काढण्यापुरतं उरलंय. मागचं दार बंद करावं का? — नाशिक

बंद करू नका, लोक शिव्या घालतील आणि तरी तिथूनच येतील.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगते, हे आर्किटेक्ट लुई कानलाही चुकलेलं नाही. तोच, अहमदाबादच्या आयआयएमवाला. अमेरिकेत टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला त्याचं किम्बेल आर्ट म्युझियम १९७२ला उघडलं, त्याचं पश्चिमेकडचं प्रवेशद्वार जगात नावाजलं गेलंय: आधी लॉन, मग उघड्या कमानींचे पोर्च, शेजारी पाण्याची कुंडं, मग दाट लावलेली झाडं, पायाखाली खडी वाजते, आणि मग दार. पण शहर गाड्यांचं. पार्किंग पूर्वेला, त्यामुळे बहुतेक लोक पूर्वेच्या बाजूने तळमजल्यात शिरायचे आणि जिना चढून वर यायचे. चाळीस वर्षं असंच चाललं. २०१३ला समोर रेन्झो पियानो या आर्किटेक्टची नवीन इमारत झाली तेव्हा पार्किंग जमिनीखाली घेतलं, आणि आता माणूस तिथून वर आला की समोर कानची ती पश्चिम बाजू दिसते. दार होतं तिथेच राहिलं, गाड्या हलवल्या.

तुम्हाला जमिनीखाली जायला नको. फोटोवरून वाटतं की पार्किंगच्या डाव्या कडेने इमारतीला वळसा घालून पुढे येणारी ५-६ फुटांची पट्टी आहे, सध्या तिथे उरलेल्या फरशा रचून ठेवल्यात. ती वाट करा. सपाट, सावलीची, रात्री लाइट असलेली, आणि पार्किंगमधून उतरल्या उतरल्या दिसणारी. मागच्या दारापेक्षा ती सोपी दिसली पाहिजे, एवढीच परीक्षा. ती जमत नसेल तर मान्य करा की तुमचं खरं दार मागचं आहे, जनरेटर हलवा आणि पैसे तिथे घाला. कमानीपुढे लग्नाचे फोटोशूट होतायत म्हणालात, त्याचं भाडं घ्या.

चिपळूणजवळ चिऱ्याच्या घरात गॅलरी सुरू करतेय. जूनपासून सप्टेंबरपर्यंत छत्र्या, चिखल आणि ओल. काय करू? — एक वाचिका, चिपळूण

पडवी आहे ना? मग निम्मं काम झालंय. आपल्याकडे पावसाळ्यात पडवीला झडीच्या बाजूने झावळ्यांची झापं बांधतात तशीच बांधा, त्यात लाज वाटायचं कारण नाही, मला तर पॉलिकार्बोनेटपेक्षा बघवतात. छत्र्यांची बादली पडवीच्या बाहेरच्या टोकाला, दाराशी नको, नाहीतर सगळं पाणी उंबऱ्याशी जमतं. काथ्याचा पायपोस एक-दोन फुटांचा ठेवून काही होत नाही, माणूस त्यावर एकच पाय ठेवतो आणि दुसरा पाय चिखलासकट आत. १०-१२ फूट लांब पट्टा हवा, म्हणजे दोन्ही पाय निदान दोनदा तरी टेकतात, आणि तो जमिनीत खाच करून बसवा, वर ठेवलात तर कड वर येते आणि लोक अडखळतात.

ओलीचं जास्त गंभीर आहे. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर सतत राहिला की कागदावर बुरशी यायला लागते, आणि चिपळुणात जुलैत काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. डीह्युमिडिफायर लावाल, पण दर वेळी दार उघडलं की बाहेरची हवा आत. म्हणून दोन दारं, एकामागे एक, मध्ये ७-८ फूट तरी अंतर, म्हणजे पहिलं मिटेपर्यंत माणूस दुसऱ्याशी पोचत नाही. अंतर कमी ठेवलंत तर दोन्ही एकदम उघडी राहतात आणि मग दोन दारांचा खर्च वाया. त्या मधल्या जागेत चित्र लावायचा मोह होईल, तिथे फक्त धातूचं किंवा दगडाचं काहीतरी, नाहीतर रिकामी भिंत. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला कागदाची फ्रेम चिकटवून लावू नका, मागे हवा खेळायला जागा सोडा.

गॅलरीत चपला बाहेर काढायला सांगाव्यात का? लाकडी फ्लोअरिंग आहे. — सोलापूर

सांगू नका. बुटाच्या नाड्या सोडायच्या म्हटलं की चारातले दोन परत जातात, आणि म्हातारी माणसं वाकू शकत नाहीत. फ्लोअरिंग पॉलिश करता येतं. पण कुणी आपणहून काढल्या तर ‘राहू द्या हो’ म्हणून अंगावर जाऊ नका, बाजूला एक रॅक ठेवा आणि गप्प बसा. खेड्यातून आलेली माणसं अजूनही काढतात.

आणि तो नुसता फोटो पाठवलेले वाचक, गाव लिहिलं नाहीत. तुमचं दार बाहेर उघडतंय आणि त्याच्यापुढे लगेच एक पायरी आहे. दार आपल्याकडे ओढणाऱ्याला मागे सरकावं लागतं आणि मागे पायरी. बिजागऱ्या बदलून ते आत उघडेल असं करून तुमचं काम होणार नाही, कारण आत गर्दी झाली तर बाहेर पडायला दार बाहेरच उघडलेलं बरं. दार आणि पायरी यांच्या मध्ये दाराच्या रुंदीपेक्षा दीड-दोन फूट जास्त सपाट जागा करून घ्या. आणि वरचा डावा स्क्रू निघालाय, तो आजच बसवा.